वेदनेचे नियमन : मेंदूतील कॅनाबिनॉइड व ग्लुटामेट ग्राहींविषयीच्या संशोधनाची चिकित्सा

सारांश

मेंदूतील कॅनाबिनॉइड ग्राही आणि ग्लुटामेट ग्राही यांच्या परस्परक्रियेतून वेदनेचे नियमन होते, हा विचार गेल्या तीन दशकांत चेताविज्ञानात रुजला आहे. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याला भक्कम आधार मिळाला. या विचारावर उभ्या राहिलेल्या औषधांना मात्र रुग्णांच्या बाबतीत अपेक्षित यश लाभले नाही. प्रस्तुत लेखात या संशोधनपरंपरेतील प्रमुख टप्प्यांचा परामर्श घेतला असून तिच्या युक्तिवादातील बलस्थाने व उणिवा तपासल्या आहेत. ग्राहीचे कार्य त्याच्या नावावरून ठरत नाही, ते त्याच्या स्थानावरून ठरते. तसेच प्राण्याच्या प्रतिक्षेपावरून मोजलेली वेदना व माणसाने भोगलेली वेदना या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे प्रतिपादन येथे केले आहे.

१. प्रस्तावना

‘वेदना’ हा शब्द ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूपासून सिद्ध झाला आहे. वेदना ही एक प्रकारची जाणीव आहे, हे शब्दाच्या घडणीतच सूचित होते. वेदनेच्या अभ्यासाला वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ मध्ये केलेल्या व २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येतही वेदना हा संवेदनात्मक आणि भावनात्मक असा दुहेरी अनुभव मानला आहे. इजा किती झाली आणि दुःख किती झाले, यांचे प्रमाण एकमेकांशी जुळतेच असे नाही. रणांगणावरील सैनिकाला जखमेची जाणीव उशिरा होते. उलटपक्षी जखम भरून आल्यावरही काही रुग्णांचा ठणका वर्षानुवर्षे थांबत नाही. या विसंगतीचे स्पष्टीकरण मेंदू व मेरुरज्जू यांच्या कार्यात शोधले पाहिजे, ही दृष्टी रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धान्ताने प्रस्थापित केली.

भांगेच्या वनस्पतीचा वेदनाशामक म्हणून उपयोग भारतात पूर्वापार ज्ञात होता. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये या वनस्पतीच्या अर्काचे संधिवातासारख्या व्याधींवरील प्रयोग प्रसिद्ध केले आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिकडे वेधले. तिच्यातील मुख्य मादक घटक टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, अर्थात टीएचसी, हा १९६४ मध्ये येहिएल गाओनी व राफाएल मेकूलम यांनी इस्रायलमध्ये शुद्ध स्वरूपात वेगळा करून त्याची रचना निश्चित केली. या द्रव्याला प्रतिसाद देणारा ‘सीबी-१’ हा ग्राही १९९० मध्ये ओळखला गेला, तर प्रामुख्याने रोगप्रतिकारक पेशींत आढळणारा ‘सीबी-२’ १९९३ मध्ये. शरीरात असा ग्राही आहे, तर त्याला अनुरूप असे शरीराचे स्वतःचे द्रव्यही असले पाहिजे, या तर्काने शोध घेतला असता १९९२ मध्ये एक मेदजन्य रेणू सापडला. संस्कृत ‘आनंद’ या शब्दावरून त्याला ‘आनंदामाइड’ हे नाव देण्यात आले. १९९५ मध्ये ‘टू-एजी’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे दुसरे द्रव्य उजेडात आले. येथून वेदना-संशोधनाचा एक नवा अध्याय सुरू झाला.

२. दोन व्यवस्थांचा परस्परसंबंध

ग्लुटामेट हा मेंदू व मेरुरज्जू यांतील प्रमुख उत्तेजक संदेशवाहक होय. त्वचेवर चटका बसला की वेदनावाहक तंतू मेरुरज्जूच्या पृष्ठशृंगात ग्लुटामेट सोडतात आणि संदेश पुढील चेतापेशीकडे जातो. ग्लुटामेटचे ग्राही दोन प्रकारचे आहेत. एएमपीए, केनेट व एनएमडीए हे ग्राही स्वतःच आयनमार्ग असल्याने क्षणार्धात कार्य करतात. चयापचयी म्हणून ओळखले जाणारे आठ ग्राही, जे तीन गटांत विभागले जातात, पेशीच्या अंतर्भागातील रासायनिक साखळीमार्फत सावकाश कार्य करतात. यांतील एनएमडीए ग्राहीचे मुख सामान्य स्थितीत मॅग्नेशियमच्या आयनाने बंद असते. वेदनासंदेशांचा मारा सतत होत राहिला की पेशीवरील विद्युत्भार बदलतो, मॅग्नेशियम दूर होते आणि कॅल्शियम आत शिरते. परिणामी ती पेशी अधिक संवेदनशील बनते व हलका स्पर्शही तिला वेदनेसारखा प्रतीत होऊ लागतो. क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ मध्ये दाखवून दिलेली ‘केंद्रीय संवेदनवृद्धी’ ती हीच.

सीबी-१ ग्राहीचे स्थान याच्या उलट बाजूस आहे. तो मुख्यतः संदेश पाठविणाऱ्या चेताग्रावर असतो आणि तेथून होणारे संदेशवाहकाचे उत्सर्जन कमी करतो. २००१ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे सिद्ध केले की, संदेश ग्रहण करणारी पेशी अतिउत्तेजित झाली म्हणजे ती स्वतः कॅनाबिनॉइड द्रव्य निर्माण करते. ते द्रव्य उलट दिशेने प्रवास करून संदेश पाठविणाऱ्या चेताग्राला आवर घालते. विशेष म्हणजे, पहिल्या गटातील चयापचयी ग्लुटामेट ग्राही, त्यातही ‘एमग्लु-५’ हा ग्राही, उत्तेजित झाल्यावर टू-एजीची निर्मिती होते. म्हणजेच ग्लुटामेटच्या अतिरेकातूनच त्याला आवरणारे द्रव्य जन्माला येते. जोवान्नी मार्सिकानो व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये उंदरांवर दाखवून दिले की, ग्लुटामेट सोडणाऱ्या पेशींवरील सीबी-१ ग्राही मेंदूचे अतिउत्तेजनापासून रक्षण करतात. या दोन व्यवस्थांना एकाच नियंत्रक वर्तुळाचे दोन अर्ध मानणे त्यामुळे सयुक्तिक ठरले.

३. मध्यमेंदूतील पुरावा

मध्यमेंदूतील जलवाहिनीभोवतीचा करडा भाग हा अवरोही वेदनानियंत्रणाचा कळीचा प्रदेश मानला जातो. १९६९ मध्ये डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी या भागाला विद्युत् उत्तेजन देऊन, भूल न देता, उंदरांवर शस्त्रक्रिया केली होती. येथून निघणारे संदेश मस्तिष्कपुच्छाच्या पुढील मध्यवर्ती भागात पोहोचतात आणि तेथून मेरुरज्जूत उतरून वेदनेच्या द्वारावर नियंत्रण ठेवतात.

या मार्गावर कॅनाबिनॉइड द्रव्याचा परिणाम कसा होतो, याविषयी १९९८ मधील इयान मेंग, हॉवर्ड फील्ड्स आदींचा प्रयोग उद्बोधक आहे. कॅनाबिनॉइड दिलेले प्राणी सुस्तावतात. ते वेदनेला प्रतिसाद देत नाहीत याचे कारण वेदनाशमन की निव्वळ हालचालीतील मंदपणा, हा आक्षेप नेहमी घेतला जाई. या संशोधकांनी मस्तिष्कपुच्छातील उपरोक्त भाग तात्पुरता निष्क्रिय केला. तेव्हा वेदनाशमन नाहीसे झाले, परंतु हालचालीतील मंदपणा कायम राहिला. आक्षेपाचे इतके नेमके निराकरण या क्षेत्रात क्वचितच आढळते. पुढील वर्षी मायकेल वॉकर यांच्या गटाने करड्या भागाला उत्तेजन दिल्यावर तेथे आनंदामाइड प्रत्यक्ष स्रवत असल्याचे दाखवले. २००५ मध्ये आंद्रेआ होमन व सहकाऱ्यांनी तणावामुळे येणारी, अफूसदृश द्रव्यांवर अवलंबून नसलेली वेदनाशून्यता या भागातील शरीरजन्य कॅनाबिनॉइडांमुळे घडते, असे सिद्ध केले. रणांगणावरील सैनिकाच्या उदाहरणाला येथे एक रासायनिक आधार मिळाला.

ग्लुटामेटचा संबंध स्पष्ट करणारा प्रयोग एन्झा पालाझ्झो, सबातिनो मायोने आदी इटालियन संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केला. करड्या भागात कृत्रिम कॅनाबिनॉइड टोचल्यावर तप्त पट्टीवरील प्राण्याची प्रतिक्रिया लांबते. त्याआधी सीबी-१ चा अवरोधक दिल्यास हा परिणाम दिसत नाही, हे अपेक्षितच होते. लक्षणीय बाब ही की एनएमडीए, एमग्लु-५ तसेच दुसऱ्या व तिसऱ्या गटातील चयापचयी ग्राही रोखल्यावरही तो दिसेनासा झाला. एमग्लु-१ रोखल्याने मात्र फरक पडला नाही. याचा अर्थ, कॅनाबिनॉइडच्या वेदनाशमनास या भागातील ग्लुटामेट व्यवस्थेचे सहकार्य लागते. २०१२ मध्ये होमन यांच्याशी संबंधित संशोधकांनी ही साखळी उलट टोकाकडून पूर्ण केली. करड्या भागातील एमग्लु-५ ग्राही उत्तेजित होणे, त्यातून टू-एजीची निर्मिती होणे आणि तणावजन्य वेदनाशमन घडणे, हा क्रम त्यांनी दाखवून दिला.

४. युक्तिवादातील दुर्बल दुवे

उपरोक्त पुरावा प्रभावी असला तरी त्यावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षांची छाननी आवश्यक आहे. अशा छाननीत तीन प्रश्न उपस्थित होतात.

पहिला प्रश्न ग्राहीच्या ‘स्वभावा’चा. मेरुरज्जूत ग्लुटामेट वेदना वाहून नेतो. करड्या भागात तोच ग्लुटामेट वेदनाशामक मार्गाला चालना देतो. तेव्हा ‘एनएमडीए ग्राही वेदना वाढवतो’ हे पाठ्यपुस्तकी विधान स्थाननिर्देशाशिवाय अपुरे ठरते. हीच अडचण सीबी-१ बाबत आहे. तो संदेशवाहकाचे उत्सर्जन रोखतो. पण कोणत्या संदेशवाहकाचे? करड्या भागातील वेदनाशामक पेशींवर गाबा या अवरोधक संदेशवाहकाचा सतत दाब असतो. सीबी-१ ने गाबाचे उत्सर्जन रोखले तर या पेशी मोकळ्या होतात व वेदना शमते, असे प्रचलित स्पष्टीकरण आहे. परंतु क्रिस्टोफर व्हॉन व सहकाऱ्यांनी २००० मध्ये उंदराच्या करड्या भागाच्या पातळ छेदांवर केलेल्या नोंदींत कॅनाबिनॉइडने गाबा आणि ग्लुटामेट या दोहोंचे उत्सर्जन घटवल्याचे आढळले. लगाम आणि टाच एकाच वेळी सैल केल्यास घोडा कोणत्या गतीने जाईल, हे केवळ लगामाकडे पाहून सांगता येत नाही. निव्वळ परिणाम वेदनाशामक असतो, हे प्रयोगाने कळते. तो तसा का असतो, हे ‘गाबाचा दाब हटला’ एवढ्या वाक्याने पूर्णपणे उलगडत नाही.

यातच अवरोधकांच्या प्रयोगाची तार्किक मर्यादाही दडलेली आहे. एखादा ग्राही रोखल्यावर परिणाम नाहीसा झाला, तर त्या परिणामास तो ग्राही आवश्यक आहे एवढेच सिद्ध होते. तो त्या साखळीतील एक कडी आहे, की केवळ त्या प्रदेशातील पेशी जागत्या ठेवणारी पार्श्वभूमी आहे, याचा निवाडा त्यावरून होत नाही. पालाझ्झो यांच्या प्रयोगात चार वेगवेगळ्या प्रकारचे ग्लुटामेट ग्राही रोखल्यावर एकच परिणाम मिळतो. हे व्यापक सहकार्याचे लक्षण असू शकते, तसेच ग्लुटामेटशिवाय तो प्रदेशच कार्यक्षम राहत नाही, याचेही. २०१२ च्या प्रयोगाने एमग्लु-५ पुरता हा संशय बराचसा दूर केला. इतर ग्राहींबाबत तो पूर्णपणे फिटला असे म्हणता येत नाही.

दुसरा प्रश्न स्थानाचा. मेंदूत टोचलेले द्रव्य वेदना शमवते, यावरून शरीरभर दिलेले द्रव्यही मेंदूमार्फतच कार्य करते, असे अनुमान निघत नाही. २००७ मध्ये नितीन अगरवाल, रोहिणी कुनेर आदींनी जर्मनीत केलेल्या संशोधनात केवळ परिघीय वेदनावाहक पेशींतून सीबी-१ ग्राही काढून टाकले. मेंदूतील ग्राही अबाधित ठेवले. तरीही अशा उंदरांत शरीरभर दिलेल्या कॅनाबिनॉइडचे वेदनाशमन बऱ्याच अंशी लोप पावले. मेंदूकेंद्री मांडणीला हा मोठा धक्का होता. २००९ मध्ये पेर्निया-आंद्राडे व सहकाऱ्यांनी याहून अनपेक्षित बाब नोंदवली. मेरुरज्जूत वेदनासंदेशांचा मारा झाला असता शरीरजन्य कॅनाबिनॉइडे अवरोधक पेशींचेच उत्सर्जन रोखतात आणि त्यामुळे वेदनेची संवेदनशीलता वाढते. एकच द्रव्य, एकच ग्राही, परंतु एका ठिकाणी वेदना शमवणारा व दुसऱ्या ठिकाणी वाढवणारा, असे चित्र यातून उभे राहते.

तिसरा प्रश्न मोजमापाचा असून तो सर्वांत मूलगामी आहे. सुमारे ५० ते ५५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पट्टीवर ठेवलेला उंदीर पंजा कधी चाटतो अथवा शेपूट कधी झटकतो, यावरून वेदना मोजली जाते. हे मोजमाप तीव्र, क्षणिक व उष्णताजन्य उद्दीपनाच्या प्रतिक्षेपाचे आहे. रुग्ण ज्या वेदनेसाठी वैद्याकडे जातो ती बहुधा दीर्घकालीन असते. मराठी माणूस तिचे वर्णन कळ, चमक, ठणका, आग, ठसठस, शिणक अशा निरनिराळ्या शब्दांनी करतो. शब्दांतील हे भेद निरर्थक नाहीत. मेलझॅक यांनी १९७५ मध्ये तयार केलेली प्रश्नावली अशाच इंग्रजी शब्दभेदांवर आधारलेली आहे. यांतील कोणताही भेद तप्त पट्टीवर उमटत नाही. शिवाय हे प्रयोग दीर्घकाळ प्रामुख्याने नर उंदरांवर झाले. टीएचसीच्या वेदनाशामक परिणामाला मादी उंदीर अधिक प्रतिसाद देतात, असे पुढे आढळून आले. दीर्घकालीन वेदनेच्या रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण अधिक असताना ही उणीव गौण ठरत नाही.

५. प्रयोगशाळेकडून रुग्णाकडे

या उणिवांचे व्यावहारिक परिणाम औषधनिर्मितीच्या इतिहासात स्पष्ट दिसतात. आनंदामाइडचे विघटन करणारे ‘एफएएएच’ नावाचे एन्झाइम रोखल्यास शरीराचा स्वतःचा वेदनाशामक वाढेल आणि तोही आवश्यक त्या ठिकाणीच, ही कल्पना सैद्धान्तिकदृष्ट्या आकर्षक होती. ‘पीएफ-०४४५७८४५’ या सांकेतिक नावाच्या द्रव्याची गुडघ्याच्या संधिवाताच्या रुग्णांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. औषधाने एन्झाइम रोखले व आनंदामाइडची पातळी वाढली. वेदना मात्र कमी झाली नाही. औषध योग्य ठिकाणी पोहोचले नाही अशी सबब येथे सांगता येत नाही. म्हणून हे अपयश मूळ गृहीतकालाच प्रश्न विचारते. जानेवारी २०१६ मध्ये फ्रान्समधील रेन येथे याच वर्गातील ‘बीआयए १०-२४७४’ या द्रव्याच्या प्राथमिक चाचणीत निरोगी स्वयंसेवकांना मेंदूची गंभीर इजा झाली व त्यांतील एक दगावला. तो परिणाम अन्य प्रथिनांवरील आघातामुळे झाला असावा, असे पुढील संशोधन सुचवते. तथापि प्राण्यांतील सुरक्षिततेवरून मानवी सुरक्षिततेचा अंदाज बांधणे किती जोखमीचे असते, याचा हा दारुण धडा होता.

सीबी-१ चा अवरोधक असलेले रिमोनाबँट हे द्रव्य वर उल्लेखिलेल्या अनेक प्रयोगांचे प्रमुख साधन होते. लठ्ठपणावरील औषध म्हणून ते युरोपात २००६ मध्ये आले आणि नैराश्यासारख्या मानसिक दुष्परिणामांमुळे २००८ मध्ये त्याची विक्री थांबवण्यात आली. या ग्राहीचे कार्य वेदनेपुरते मर्यादित नसून मनःस्थितीशीही निगडित आहे, याची ती साक्ष होती. ग्लुटामेटच्या बाजूनेही परिस्थिती फारशी वेगळी नाही. केटामीन हे एनएमडीए-अवरोधक अल्प मात्रेत शस्त्रक्रियेनंतरची वेदना कमी करते, हे मान्य झाले आहे. परंतु भ्रम व विलगतेची भावना हे त्याचे दुष्परिणाम त्याच ग्राहीच्या मेंदूतील सर्वव्यापी कार्यातून उद्भवतात. जो ग्राही वेदना वाढवतो तोच स्मृती व अध्ययनासाठी अनिवार्य आहे.

मानवी प्रयोगांतून मिळालेले ज्ञान या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. ऑक्सफर्ड येथील मायकेल ली, आयरीन ट्रेसी आदींनी २०१३ मध्ये १२ निरोगी पुरुषांवर केलेल्या प्रयोगात टीएचसीमुळे मिरचीतील कॅप्सायसिनने उत्पन्न केलेल्या वेदनेची तीव्रता घटली नाही, पण तिचा त्रासदायकपणा कमी झाला. हा परिणाम व्यक्तिगणिक भिन्न होता व तो अमिग्डला या भावनेशी संबंधित भागाच्या क्रियेशी निगडित होता. २०१८ मध्ये डी व्हिटा व सहकाऱ्यांनी प्रायोगिक वेदनेवरील अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्याचाही कल याच दिशेने आहे. ‘दुखते आहे, पण त्याचे काही वाटत नाही’ अशी ही अवस्था होय. प्राण्याच्या प्रतिक्षेपात संवेदना व क्लेश यांची फारकत दिसूच शकत नाही. प्रयोगशाळा व रुग्णालय यांतील तफावतीचे एक महत्त्वाचे कारण येथे सापडते.

उपचारांविषयीचा पुरावाही सावधगिरीचा सल्ला देणारा आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश विश्लेषणात २० चाचण्यांतील १४५९ व्यक्तींचा विचार केला गेला. औषध म्हणून निष्क्रिय द्रव्य घेतलेल्या रुग्णांनाही लक्षणीय आराम पडल्याचे तीत आढळले. शिवाय चाचणीचा निष्कर्ष काहीही असो, वृत्तपत्रादी माध्यमांतून तिचे वृत्त अनुकूलच दिले जाते, असेही दिसून आले. आंतरराष्ट्रीय वेदना संघटनेने २०२१ मध्ये पुराव्याच्या अभावी कॅनाबिनॉइडांच्या सर्वसाधारण वापराला पाठिंबा देण्याचे नाकारले. दुसरीकडे, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन कंबरदुखीच्या ८२० रुग्णांवरील चाचणीत भांगेच्या प्रमाणित अर्काने निष्क्रिय द्रव्यापेक्षा वेदनेच्या ० ते १० या श्रेणीवर सुमारे ०.६ गुण अधिक आराम दिला. हा लाभ खरा आहे, तसा तो माफकही आहे. दोन्ही गोष्टी एकत्र सांगणे ही शास्त्रीय प्रामाणिकपणाची अट होय.

६. भारतीय संदर्भ व अध्यापन

भारतातील १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने चरस व गांजा यांवर निर्बंध घातले. शेंड्यांविरहित पाने व बिया मात्र व्याख्येतून वगळल्या. या तरतुदीच्या आधारे पानांपासून बनविलेली उत्पादने वेदनाशामक म्हणून बाजारात विकली जातात. त्यांच्या जाहिरातींत मेंदूतील ग्राही व ‘आनंद’ या नावाची व्युत्पत्ती यांचा हवाला दिला जातो. ग्राही अस्तित्वात आहे, म्हणून औषध गुणकारी आहे, हे अनुमान सदोष आहे, हे ओळखण्याची क्षमता पदवीधराकडे असावयास हवी. प्राणिशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र व मानसशास्त्र या विषयांच्या वर्गांत या प्रकरणाचा उपयोग होऊ शकतो तो याच कारणाने. पाठ्यपुस्तकांत ग्राहींची कोष्टके दिलेली असतात : ग्राही, द्रव्य, परिणाम. या कोष्टकात ‘स्थान’ व ‘परिणाम कशाने मोजला’ हे दोन स्तंभ वाढवले, तर विद्यार्थ्याला विज्ञानाची कार्यपद्धतीच उलगडून दाखवता येईल.

७. समारोप

मेंदूतील कॅनाबिनॉइड व ग्लुटामेट ग्राहींचे संशोधन निष्फळ ठरले, असा निष्कर्ष या चिकित्सेतून काढणे अन्यायाचे होईल. तणावात वेदना का विसरते, सततच्या वेदनेने मज्जासंस्था का बदलते, याची उत्तरे याच संशोधनाने दिली. त्याची मर्यादा उत्तरांपेक्षा त्यांच्या विस्तारात आहे. करड्या भागातील एका बिंदूवर मिळालेले सत्य संपूर्ण मज्जासंस्थेस, तप्त पट्टीवरील प्रतिक्षेपाचे सत्य रुग्णाच्या क्लेशास आणि ग्राहीचे सत्य औषधास घाईने लागू केले गेले. या तीन संक्रमणांपैकी प्रत्येकासाठी स्वतंत्र पुरावा लागतो. स्थानविशिष्ट कार्य करणारी द्रव्ये, दीर्घकालीन वेदनेची अधिक यथार्थ प्रारूपे, दोन्ही लिंगांचा समावेश आणि वेदनेची तीव्रता व तिचा त्रास यांचे वेगवेगळे मोजमाप, या दिशांनी होणारे कार्यच ही दरी कमी करू शकेल. तोवर दीर्घकाळ वेदना सोसणाऱ्या रुग्णाला देण्याचे आश्वासन उपलब्ध पुराव्याच्या मापाचेच असणे, हे वैद्यक व अध्यापन या दोन्ही क्षेत्रांचे कर्तव्य ठरते.